घरात मयत झाली तर आधी काय, नंतर काय?

लग्नाची तयारी आपण सहा महिने आधी सुरू करतो. बाळंतपणाची तयारीही होते. मयतीची तयारी मात्र कोणी करीत नाही, आणि करावी असे कोणी म्हटलेच तर घरातली म्हातारी माणसे "काही चांगलं बोल" म्हणून त्याला गप्प बसवतात. मग रात्री दोन वाजता चाळीतल्या एखाद्या खोलीत माणूस जातो, आणि घरातल्यांना रडायचे की धावायचे हेच कळत नाही. डॉक्टर कुठला आणायचा, दाखला कोण देणार, शववाहिका कोणाकडे मागायची, बौद्धाचार्यांना कोण बोलावणार, गावी नेणार की इथेच उरकणार, असे दहा प्रश्न एका तासात अंगावर येतात. त्या तासात झालेली चूक पुढे दोन-दोन वर्षे निस्तरावी लागते.

आम्ही दिवसा कचेरीत कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आपल्या वस्त्यांतून फिरतो. मयतीच्या घरी जाणे हा त्या फिरण्याचा भागच झाला आहे. तिथे जे पाहिले आणि कागदपत्रांच्या कामात जे कळले, ते कुटुंबाच्या पानावर मांडतो आहोत. वाचकांनी हे पान कापून शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवले तरी चालेल.

पहिला कागद डॉक्टरचा

घरी मृत्यू झाला तर पहिले काम डॉक्टरचे. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय स्मशानातली नोंद होत नाही आणि पुढची कामेही अडतात. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर नमुना ४-अ. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने तपासले त्याने हे प्रमाणपत्र द्यायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ सांगतो. व्यवहारात अनेक ठिकाणी पैसे मागितले जातात हे आम्हाला माहीत आहे. दुःखात बुडालेल्या माणसाने रात्री अडीचला कायद्यावर वाद घालावा असेही आमचे म्हणणे नाही. पण सोबतच्या एखाद्या शेजाऱ्याने शांतपणे नियम सांगून पाहायला हरकत नाही.

खरी अडचण निराळीच असते. डॉक्टर म्हणतो, "मी यांना कधी तपासलेच नाही, सही कशी करू?" त्याचे म्हणणे बरोबर असते. म्हणून घरात वयस्कर किंवा दीर्घ आजारी माणूस असेल तर जवळच्या एका डॉक्टरकडे त्यांना नियमित दाखवत राहा. जुने केसपेपर, औषधाच्या चिठ्ठ्या, सोनोग्राफीचे रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवा. मृत्यूनंतर ती फाईलच बोलते. आमच्या पाहण्यातल्या एका घरात आजोबा वर्षभर अंथरुणाला होते. औषध मात्र मेडिकलवाल्याला विचारून आणायचे, डॉक्टर एकही नाही. आजोबा गेले तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत मुलगा सहीसाठी वणवण फिरला, आणि गावाहून आलेली माणसे दारात ताटकळत बसली.

मृत्यू अकस्मात झाला असेल, माणूस पडून, भाजून, विजेच्या धक्क्याने, विष पोटात जाऊन किंवा अपघाताने गेला असेल, तर खासगी डॉक्टरकडे खेटे घालू नका. तो पोलिसांचा विषय आहे. पोलीस येऊन पंचनामा करतात आणि गरज असेल तर शवविच्छेदन होते. पूर्वी याला १७४ चा पंचनामा म्हणत. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १९४ झाले आहे, काम तेच. "प्रेत फाडायला देऊ नका" असे सल्ले देणारे नातेवाईक त्या वेळी पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकून प्रकरण दडपले, तर उद्या विम्याची, नुकसानभरपाईची आणि क्वचित न्यायाचीही वाट बंद होते. सासरी मेलेल्या मुलीच्या बाबतीत तर हे दहा वेळा लक्षात ठेवावे.

आता कारकुनी सवयीने एक गोष्ट जरा लांबवून सांगतो, कारण सर्वांत जास्त माणसे इथेच अडकतात. प्रमाणपत्रावर आणि स्मशानाच्या नोंदवहीत मृताचे नाव सांगताना आधारकार्ड हातात घ्या. वस्तीत ज्याला सगळे 'बाळू' म्हणतात तो कागदावर 'बाळकृष्ण' असतो. आईचे नाव माहेरचे एक, सासरचे एक, मतदार यादीत तिसरेच. घाईत एखादा तरुण नाव सांगून मोकळा होतो, आणि दाखला हातात आला की बँक म्हणते, हा माणूस आमचा खातेदार नाही. दुरुस्ती होते, पण त्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुरावे आणि रजेवर रजा. रोजंदारीच्या माणसाला एक रजा म्हणजे एक दिवसाची चूल. तेव्हा स्मशानात नोंद करायला जाणारा माणूस घरातला, शुद्धीवर असलेला आणि वाचता येणारा असावा. मृताचे आणि अर्जदाराचे दोघांचे ओळखपत्र बरोबर न्यावे आणि नोंद झाल्यावर अक्षर न् अक्षर वाचून पाहावे.

दुसरी गोष्ट. मृत्यूची नोंद माणूस राहायचा तिथे होत नाही, मेला तिथे होते. डोंबिवलीचा माणूस कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात वारला तर दाखला ठाणे महापालिका देणार. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात वारला तर उल्हासनगर. शीवला किंवा केईएमला नेल्यावर वारला तर मुंबई महापालिका. कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात वारला तरच कल्याण-डोंबिवली महापालिका. अग्नी कोणत्या स्मशानात दिला याचा त्याच्याशी संबंध नाही. हे न कळल्यामुळे आठ-आठ दिवस चुकीच्या खिडकीसमोर उभी राहिलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्यांची. मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून काम होते. ३० दिवस उलटले तर लेखी परवानगी लागते, आणि एक वर्ष उलटले तर जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांच्या पातळीवरचा आदेश लागतो. दाखल्याच्या एकाच वेळी आठ-दहा प्रती काढून घ्याव्यात. पीएफ, बँक, विमा, वीजमीटर, शिधापत्रिका, खोली नावावर करणे, प्रत्येक ठिकाणी प्रत लागते.

बिलासाठी प्रेत अडवता येत नाही

खासगी दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत बिल लाखावर जाते. मग काउंटरवरचा माणूस म्हणतो, पैसे भरा, मग बॉडी न्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क स्पष्ट सांगितला आहे. बाकी राहिलेले बिल हे देणे आहे आणि ते नंतर वसूल करायचे मार्ग दवाखान्याला मोकळे आहेत, पण त्यासाठी प्रेत गहाण ठेवता येत नाही. असे घडलेच तर आरडाओरडा, काचा फोडणे हे करू नका. त्याने गुन्हा आपल्याच पोरांवर दाखल होतो. एक लेखी अर्ज द्या, त्याची पोच मागा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पोच मागितली की बरीच गाठ सैल होते, असा आमचा अनुभव आहे.

१०८ ची गाडी रुग्णासाठी असते, प्रेत नेण्यासाठी नव्हे. महापालिकेची शववाहिका मागवावी. दवाखान्याच्या दारातल्या खासगी गाडीवाल्याशी भाडे आधी ठरवून घ्यावे, विशेषतः प्रेत गावी न्यायचे असेल तर. आपल्यातले पुष्कळ लोक रत्नागिरी-रायगडचे, तसेच मराठवाड्याचे आणि खानदेशचे. "म्हाताऱ्याची माती गावच्या मातीत" ही भावना आम्हाला समजते. पण तीनशे किलोमीटरचे भाडे कर्ज काढून द्यायचे, बरोबर दोन गाड्या माणसे न्यायची, आणि गावच्या स्मशानाच्या वाटेवरून अजूनही कुठे कुठे आपल्या लोकांना अडवतात ते वेगळेच. माणूस जिवंत असतानाच त्याला विचारून ठेवावे. आम्ही विचारले तेव्हा बहुतेक म्हाताऱ्यांनी "जिथं मरेन तिथंच करा, पोरांना त्रास नको" असेच सांगितले आहे. गावी न्यायचा हट्ट बहुधा मागे राहिलेल्या भावकीचा असतो.

मृताच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर स्मशानात नेण्याआधी डॉक्टरकडून काढून घ्यावा, आगीत त्याचा स्फोट होतो. नेत्रदान करायचे असेल तर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते, त्यामुळे फोन लगेच करावा. तोवर मृताच्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा. देहदानाची इच्छा असेल तर वैद्यकीय महाविद्यालयात आधी नोंद केलेली बरी. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही.

लोकलमधून गेलेला माणूस

आपल्या भागात अंत्ययात्रेचे बोलायचे आणि रेल्वेचे बोलायचे नाही, असे होऊच शकत नाही. कल्याण, डोंबिवली, दिवा, मुंब्रा, ठाणे या पट्ट्यात सकाळी कामावर निघालेला माणूस संध्याकाळी पांढऱ्या कपड्यात घरी येतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात जीव गेले. तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा झाली. एकेकटा पडणारा माणूस मात्र दोन ओळींच्या बातमीतही येत नाही.

अशा घरातल्यांनी पुढचे नीट वाचावे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४-अ प्रमाणे चालत्या प्रवासी गाडीतून अपघाताने पडून मृत्यू झाला तर वारसांना भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून ही रक्कम ८ लाख रुपये आहे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा, त्याचे पीठ मुंबईत आहे, आणि घटनेपासून एक वर्षाच्या आत करायचा. आत्महत्येला भरपाई नाही, आणि रूळ ओलांडताना गाडीखाली आलेल्याला ही तरतूद सहसा लागू होत नाही. म्हणून गाडीतून पडला की रूळ ओलांडताना उडवला गेला, हे पहिल्या कागदावर काय लिहिले जाते त्याला फार महत्त्व आहे. स्टेशन मास्तरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हे ते कागद. कोणी पाहिले असेल, बरोबरच्या डब्यातला कोणी मित्र असेल, तर त्याचा जबाब त्याच दिवशी नोंदवून घ्या. महिन्याने तोही विसरतो.

आणि पास! मृताच्या खिशातला पास किंवा तिकीट पंचनाम्यात लिहिले गेले आहे ना, हे विचारा. कपडे ताब्यात मिळाले की घरात कोणी तरी ते रक्ताचे म्हणून तसेच जाळून टाकतो आणि खिशातला पासही जातो. हल्ली पास मोबाईलमध्ये असतो. तो मोबाईल कोणाला देऊ नका, त्यातले काही पुसू नका, सिमकार्ड चालू ठेवा. पास सापडलाच नाही तरी निराश होऊ नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की केवळ तिकीट मिळाले नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही. वारसाने प्रतिज्ञापत्र करून परिस्थिती मांडावी, मग पुढे खोडून काढण्याचे ओझे रेल्वेवर जाते. चढता-उतरताना पडला, म्हणजे त्याचीच निष्काळजी, एवढ्यावरही दावा फेटाळता येत नाही असे त्याच निकालात आहे.

शवागाराच्या बाहेर सहानुभूतीने खांद्यावर हात ठेवणारे दलाल उभे असतात. "वहिनी, तुम्ही फक्त इथं सही करा, बाकी मी बघतो." कोऱ्या कागदावर सही करू नका, मूळ कागद देऊ नका. भरपाईतला वाटा ठरवून घेणाऱ्यांनी विधवांचे अर्धे पैसे खाल्ल्याची उदाहरणे आमच्यासमोर आहेत. वस्तीतल्या कार्यकर्त्याला बरोबर घेऊन सरळ वकिलाकडे जा, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत सल्ला मागा.

विधी कसा, कोणाचा, कशासाठी

आता धम्मसंस्काराकडे येऊ. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईत आले, राजगृहावर ठेवले गेले, आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या हस्ते बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. भय्यासाहेबांनी अग्नी दिला. त्याच जागी, त्याच पार्थिवाच्या साक्षीने, हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. दीक्षेला अजून दोन महिनेही झाले नव्हते. आपल्यातल्या कितीतरी जुन्या माणसांनी बौद्ध अंत्यविधी प्रथम पाहिला तो तिथेच. तोपर्यंत गावकुसाबाहेर मयतीला काय होते? पिंड, कावळा, भगत, मुंडण, सुतक आणि सावकाराचे कर्ज. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान यांना नकार मुद्दाम घातला आहे, त्याच्या मागे हा सारा इतिहास आहे.

आपला विधी साधा आहे. देहाला स्नान घालून पांढरी वस्त्रे, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, अगरबत्ती, फुले. भिक्खू असतील तर भिक्खू, नसतील तर बौद्धाचार्य, तेही नसतील तर वस्तीतला गाथा नीट म्हणणारा कोणीही उपासक किंवा उपासिका. त्रिशरण, पंचशील, सर्व संस्कार अनित्य आहेत हे सांगणारी गाथा, दोन मिनिटे स्तब्धता. स्मशानात पुन्हा त्रिशरण-पंचशील, आणि अग्नी. दहन की दफन यावर धम्मात सक्ती नाही. भगवान बुद्धांच्या देहाला कुशिनाराच्या मल्लांनी अग्नी दिला आणि अस्थींचे आठ भाग झाले, हे आपण जाणतोच. नंतर एखाद्या सोयीच्या दिवशी परित्राणपाठ, पुण्यानुमोदन आणि आदरांजली सभा. बस.

यात मुहूर्त नाही, पंचक नाही, दिशा नाही. तरीही आपल्या घरांत काय चालते? मडके फोडले जाते, वाटेत खडे टाकले जातात, दहाव्याला 'पुण्यानुमोदन' आणि तेराव्याला 'जलदान' असे नुसते नाव बदलून जुनेच पुढे चालू राहते. दहावाच दिवस का, असे विचारले की बौद्धाचार्यही हसून विषय बदलतात! रविवार असेल, सगळ्यांना सुट्टी असेल, तो दिवस धरावा. जलदानाबद्दल आपल्यात दोन मते आहेत. आमचे मत विचाराल तर भांड्यातले पाणी भरून ओसंडते, ते काठोकाठ भरलेल्या पुण्याचे प्रतीक म्हणून कोणी करीत असेल तर करू द्यावे, पण मेलेल्याला तहान लागते म्हणून करीत असेल तर तिथेच थांबवावे.

मडके, हार आणि मृताचे कपडे नदीत टाकू नयेत. कल्याण-डोंबिवलीत आपण जे पाणी पितो ते उल्हास नदीचे. अस्थी-राख खड्ड्यात घालून वर झाड लावणारी कुटुंबे आता आपल्यात दिसू लागली आहेत, ते आम्हाला अधिक शोभते.

सर्वांत जास्त वाईट वाटते ते विधवेच्या बाबतीत. नवऱ्याचे प्रेत उचलायच्या वेळी चार बाया तिला धरतात, बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात. हे बौद्धांच्या घरात, भिंतीवर बुद्धाची तसबीर असताना घडते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. ज्या समाजाला १९५६ सालीच ही मुक्ती मिळाली, त्याने गावठाणाच्या ठरावाकडून शिकायची वेळ यावी याला काय म्हणावे? यात बायकांना दोष देऊन भागणार नाही. अंगणात बाकावर बसलेले पुरुष कार्यकर्ते आतले रडणे ऐकतात आणि "तो बायकांचा मामला" म्हणून बिडी ओढत राहतात. मयतीला जाताना एका वडीलधाऱ्या उपासिकेने आधीच आत जाऊन बसावे आणि "वहिनीच्या बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही" असे ठणकावून सांगावे. आमच्या वसाहतीत एका अक्कांनी हे करून दाखवले. कोणाची हिंमत झाली नाही. त्या दिवशी अग्नीही मुलीने दिला, कारण मुलगा नव्हता. असता तरी मुलीने द्यायला हरकत काय होती?

मंडळाचा मयत फंड

मयतीचा खर्च किती असावा? लाकूड किंवा दाहिनीचे शुल्क, पांढरे कापड, फुले, गाडी, चहा. एका दहनाला साधारण तीनशे किलो लाकूड लागते. पालिकेची सवलत काय आहे ते स्मशानातल्या नोंदणी कारकुनाला विचारून पावती घ्यावी. पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. गॅसची किंवा विजेची दाहिनी असेल तिथे लाकडाचा प्रश्नच नाही. म्हाताऱ्यांना ती 'भट्टी' वाटते, पण पावसाळ्यात ओल्या लाकडावर रॉकेल ओतत बसण्यापेक्षा ती फार सभ्य आहे.

खरा खर्च यानंतर सुरू होतो. मंडप, दोनशे खुर्च्या, चौकात लावायचा मोठा फ्लेक्स, ध्वनिक्षेपक, आणि जेवण. पुण्यानुमोदनाला आता ताटात दोन भाज्या आणि गोड लागते. "लोक काय म्हणतील" या तीन शब्दांची किंमत व्याजासकट काढली तर आपल्या वस्त्यांत एकेक खोली उभी राहील. लांबून आलेल्यांना जेवू घालावे, त्यात गैर नाही. पण ते जेवण शेजारच्या पाच घरांनी वाटून करावे, शोकातल्या घराची चूल त्यासाठी पेटू नये. पूर्वी चाळीत हीच रीत होती. डब्यात पिठले-भाकरी यायची.

ज्या मंडळांत मयत फंड आहे तिथे फरक डोळ्यांना दिसतो. दर घरामागे महिन्याला ठराविक वर्गणी आणि मयत झाली की तासाभरात घरी रोख रक्कम. फंड बुडतात ते हिशेबामुळे. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून जरा जास्त बोलतो. पैसे बँकेत दोन सह्यांच्या खात्यावर असावेत, एका रात्रीच्या खर्चापुरती रोकड ठरलेल्या एका घरी असावी, वही सर्वांना बघता यावी, आणि वर्षातून एकदा हिशेब विहारात मोठ्याने वाचला जावा. वर्गणी थकली म्हणून कोणाच्या मयतीला रक्कम नाकारू नये. थकबाकी नंतर मागता येते.

मंडप उतरल्यावर

२०२० आणि २०२१ साली करोनाच्या काळात अंत्यविधीला फक्त २० माणसांना परवानगी होती. कित्येकांनी बापाचा चेहराही पाहिला नाही, बौद्धाचार्यांनी फोनवरून गाथा म्हटल्या. त्या घरांतून आजही जाणवते की रडणे अर्धवट राहिले आहे. पाच वर्षांनी एखादी बाई बोलता बोलता थांबते आणि म्हणते, "त्यांना आंघोळसुद्धा घालता आली नाही हो भाऊ." म्हणजे विधी मेलेल्यासाठी नसला तरी मागे राहिलेल्यांसाठी असतो, तो आटोपता असावा, पण असावा.

"रडू नका, सर्व अनित्य आहे" असे सांगणाऱ्यांची आम्हाला मोठी गंमत वाटते. मेलेले पोर कडेवर घेऊन किसागोतमी आली तेव्हा तथागतांनी तिला लगेच उपदेश केला नाही. जिथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे सांगून तिला दारोदार पाठवले. ती घरोघरी गेली, लोकांशी बोलली, त्यांचे ऐकले, आणि मग तिचे तिलाच उमगले. आपण तिला मोहरी मागायला पाठवण्याऐवजी दारातच प्रवचन देतो.

मुलांपासून मृत्यू लपवू नका. "पप्पा गावाला गेलेत" असे सांगितलेले पोर दारात वाट बघत राहते. त्याला सरळ शब्दांत सांगावे, अंत्यदर्शनाला यायचे असेल तर हात धरून आणावे. दीड-दोन महिन्यांनी, सगळे पाहुणे गेल्यावर, त्या घरी पुन्हा एक चक्कर मारावी. तेव्हा खरी गरज असते. घरातले कोणी जेवत नसेल, झोपत नसेल, मरणाचीच भाषा बोलत असेल, तर भगताकडे नेऊ नका, सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. शासनाची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतूनही बोलता येते.

त्या चकरेत हातात कागद-पेन असू द्या. मृत कामगार ईएसआयचा विमाधारक असेल तर अंत्यविधीच्या खर्चापोटी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, अर्ज तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. पीएफ कापला जात असेल तर शिल्लक रक्कम, विधवेचे निवृत्तिवेतन आणि पीएफशी जोडलेल्या विम्याची कमाल ७ लाखांपर्यंतची रक्कम, असे तीन वेगळे हक्क आहेत. ठेकेदार फक्त पहिला सांगतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, त्याचा अर्ज तहसील कार्यालयात. आणि मृताचे बँकेचे पासबुक मागून घ्या. मे-जूनच्या पानावर ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विम्याचे २ लाख आहेत, २० रुपये कापलेले दिसले तर अपघाती मृत्यूसाठी सुरक्षा विम्याचे २ लाख आहेत. पुष्कळ बायकांना नवऱ्याने असा फॉर्म भरला होता हे ठाऊकच नसते. पासबुकात नोंदी भरलेल्या नसतील तर आधी बँकेत जाऊन त्या भरून आणाव्यात, आणि जाताना मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती, वारसाचे आधारकार्ड व शिधापत्रिका बरोबर न्यावी.